पेशींतील निरोप आणि कुष्ठरोगाचे कोडे

वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे कुष्ठरोगाविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. शहरालगत दत्तपूर आहे. तेथे मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले. पुढे तीन वर्षांनी संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हा रोग अंगावर घेऊन सेवाग्रामला आले, आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ही हकीकत येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. त्या संस्थेचे डॉ. वारदेकर यांनी घरोघर जाऊन रोगी शोधणे, लोकांना समजावून सांगणे आणि उपचार करणे ही तिन्ही कामे एकत्र बांधणारी पद्धत या भागात घालून दिली. तीच पुढे देशाच्या कार्यक्रमाचा पाया झाली.

तेव्हा सेवेचा हा इतिहास पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो आहो. एकच जंतू तीन माणसांच्या शरीरात शिरतो आणि तिघांची गत तीन तऱ्हेची होते, हे कसे?

समजा, एकाच घरातील तीन माणसे आहेत. थोरल्या भावाच्या दंडावर एक फिकट, कोरडा चट्टा आहे. त्यावर टाचणी टोचली तरी त्याला कळत नाही, पण चट्ट्याची कातडी तपासली तर जंतू हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच, किंवा मुळीच सापडत नाहीत. धाकट्याच्या चेहऱ्याची कातडी जाड झाली आहे, कानाच्या पाळ्या सुजल्या आहेत, भुवया झडल्या आहेत, आणि त्याच्या कातडीत जंतूंचे पुंजकेच्या पुंजके आहेत. धाकट्याची बायको वीस वर्षे त्याच्याबरोबर संसार करते आहे, त्याचे कपडे धुते आहे, तिला काहीच झालेले नाही. तिघांच्या घरात जंतू एकच. मग हा भेद कोठून आला?

जुन्या काळी याला उत्तर होते. पूर्वजन्मीचे पाप, देवाचा कोप, नाहीतर रक्तातला दोष. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सन या डॉक्टरांनी रोग्याच्या गाठीत काडीच्या आकाराचे जंतू पाहिले आणि हे उत्तर खोटे ठरले. रोग कोणामुळे होतो हे कळले. पण एकाला इतका आणि दुसऱ्याला एवढासाच का, हे हॅन्सन यांच्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्यासारखे नव्हते.

पहिली शंका जंतूवरच जाते. तो फार बलाढ्य असेल काय? तसे मुळीच नाही. हा जंतू अत्यंत मंद आहे. पटकीचा जंतू अर्ध्या तासात, अनुकूल स्थितीत त्याहूनही लवकर, एकाचा दोन होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. काचेच्या नळीत तो वाढतच नाही. त्याच्यावर प्रयोग करण्यासाठी उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो नावाच्या अमेरिकेतील खवलेदार प्राण्यात तो वाढवावा लागतो. २००१ साली त्याच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचे वाचन झाले, तेव्हा तर मौजच दिसली. सुमारे सोळाशे जनुके कामाची आणि सुमारे अकराशे मोडकी! एखाद्या जुन्या वाड्याच्या निम्म्या खोल्यांना कुलपे लागून छपरे कोसळलेली असावीत, तशी ही अवस्था. पटकी किंवा घटसर्प यांच्या जंतूंप्रमाणे जालीम विषही त्याच्याजवळ नाही. शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव माणसांचे शरीर त्याला सहज परतवून लावते.

म्हणजे भेद जंतूत नाही, माणसात आहे. याचा पुरावा जपानमधील मित्सुदा यांच्या चाचणीने दिला. मेलेले जंतू अल्प प्रमाणात कातडीत टोचायचे आणि तीन-चार आठवडे वाट पाहायची. आमच्या उदाहरणातील थोरल्या भावाला टोचल्या जागी गाठ येते. त्याच्या शरीराने शत्रू ओळखला. धाकट्याला काहीच येत नाही. ज्याच्या अंगात कोट्यवधी जंतू आहेत त्याचेच शरीर त्यांना ओळखीत नाही, हे किती विलक्षण! १९६० नंतर रिडली आणि जॉपलिंग या इंग्रज डॉक्टरांनी या दोन टोकांच्या मध्ये पायऱ्या पाडून रोगाचे पाच प्रकार मांडले. रोगी कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या शरीराच्या प्रतिकारावर ठरते.

आता हा प्रतिकार करते कोण? रक्तात आणि कातडीत भक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू गिळणे हे त्यांचे काम. पण गिळणे वेगळे आणि मारणे वेगळे. धाकट्या भावाच्या भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि पोटात घेऊन स्वस्थ बसतात. जंतू तेथेच वाढतात, पेशी चरबीने फुगून फेसाळ दिसू लागते. चोर घरात कोंडला, पण घरधनी झोपला, असा प्रकार होतो. या पेशीला जागे करण्यासाठी बाहेरून निरोप यावा लागतो. निरोप आणणाऱ्या पेशींना टी-पेशी म्हणतात, आणि निरोपाचे नाव आहे इंटरफेरॉन-गॅमा. हे एक प्रथिन आहे.

येथे आम्ही श्रोत्यांना थोडे पेशीच्या आत नेणार आहो. निरोप पेशीच्या भिंतीबाहेर येऊन थांबतो. त्याला आत जाता येत नाही. मग आतल्या जनुकांना हुकूम कसा पोचतो?

आपण कापसाच्या बाजाराचे उदाहरण घेऊ, म्हणजे अडचण पडणार नाही. हिंगणघाटच्या किंवा वर्ध्याच्या बाजारात कापसाने भरलेली गाडी उभी असते. बैल जुंपलेले, गाडीवान तयार, सर्व काही आहे. पण लिलाव होऊन भावाची चिठ्ठी हातात पडेपर्यंत गाडी जागची हलत नाही. चिठ्ठी पडली की गाडी काट्यावर, काट्यावरून जिनात. चिठ्ठी म्हणजे कागदाचा केवढासा तुकडा! तिच्याने गाडीचे वजन वाढत नाही, कापूस बदलत नाही. पण उभी गाडी चालू लागते.

पेशीतील प्रथिनांचे असेच आहे. ती तयार असतात, पण निवांत असतात. त्यांच्यावर फॉस्फेट नावाचा एक लहानसा रासायनिक गट चिकटवला की त्यांचा आकार किंचित बदलतो आणि ती कामाला लागतात. ही चिठ्ठी चिकटविणाऱ्या एंझाइमांना कायनेझ म्हणतात. ती काढून घेणाऱ्यांना फॉस्फटेझ. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स या अमेरिकेतील दोघा शास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंतील साखरेचा अभ्यास करताना ही युक्ती प्रथम पकडली. ही फक्त स्नायूंची एक बारीकशी सोय असावी असे प्रारंभी वाटले होते. पुढे पाहावे तेथे हीच युक्ती दिसू लागली, आणि १९९२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या जनुकांत पाचशेहून अधिक कायनेझांची नोंद आता झाली आहे. पेशीने वाढावे की थांबावे, लढावे की निजावे, हे सर्व या चिठ्ठ्यांवर चालते.

इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप भिंतीवरील ग्राहक प्रथिनाला चिकटला की ग्राहकाच्या आतल्या टोकाशी बसलेली दोन कायनेझ एकमेकांजवळ येतात. त्यांना जॅक-१ आणि जॅक-२ म्हणतात. रोमन लोकांचा जेनस नावाचा दोन तोंडांचा देव होता, त्यावरून हे नाव पडले. दोघे एकमेकांवर चिठ्ठी लावतात, मग ग्राहकावर लावतात. ती पाहून स्टॅट-१ नावाचे प्रथिन तेथे येते. त्यालाही चिठ्ठी मिळते. चिठ्ठी लागलेली दोन स्टॅट प्रथिने जोडी करून पेशीच्या केंद्रात जातात आणि लढाईची जनुके चालू करतात. मग जंतूला घातक अशी रसायने तयार होतात, आणि जंतू ज्या पिशवीत कोंडला असेल ती पिशवी पाचक, आम्ल रसांच्या पिशवीला जोडली जाते. घरधनी जागा झाला.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. १९९६ साली काही मुलांची नोंद झाली, ज्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहकच जन्मतः सदोष होता. आपल्याकडे प्रत्येक बाळाला बीसीजीची लस टोचतात. तिच्यातील दुबळा जंतूसुद्धा अशा मुलाच्या जिवावर उठू शकतो. एक निरोप न पोचल्याने एवढे होते.

कुष्ठरोगात काय दिसते? १९९१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दोन्ही टोकांच्या रोग्यांच्या चट्ट्यांतील निरोप तपासून पाहिले. थोरल्या भावासारख्या रोग्यात इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप भरपूर होता. धाकट्यासारख्यात तो थोडा, आणि पेशीला शांत बसविणारे दुसरेच निरोप पुष्कळ होते. आपल्या देशात दिल्लीच्या डॉ. इंदिरा नाथ यांनी अशा रोग्यांच्या टी-पेशी जंतूंपुढे गप्प का राहतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याआधी १९८६ साली कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुजंतू रोग्यांच्या कातडीत इंटरफेरॉन-गॅमा थोड्या प्रमाणात टोचून पाहिले होते. टोचल्या जागी संरक्षक पेशी गोळा झाल्या आणि निजलेल्या भागाला जाग आल्याची चिन्हे दिसली. पेशींना लढणे येत होते. हुकूम मात्र पोचत नव्हता.

मग हुकूम काहींनाच का पोचत नाही? त्यात जनुकांचा थोडा वाटा आहे. २००९ साली चीनमध्ये हजारो माणसांची जनुके तपासण्यात आली. रोगी आणि निरोगी यांच्यात जेथे फरक आढळले, त्यांतले एक जनुक तर कायनेझचेच निघाले. पण येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्हांला अवश्य वाटते. याचा अर्थ रोग वंशपरंपरेने येतो असा नाही. जंतूशिवाय रोग नाही. आईबापांकडून फार तर दार थोडे सैल मिळते. चोर बाहेरूनच यावा लागतो.

आता जंतूच्या बाजूने पाहू. त्याची अकराशे जनुके मोडली हे आम्ही सांगितले. त्याचा भाऊबंद म्हणजे क्षयाचा जंतू. त्याच्याजवळ कायनेझांची एक जात आहे, तिच्यात अकरा कायनेझ आहेत. कुष्ठरोगाच्या जंतूने वाड्याच्या इतक्या खोल्या पडू दिल्या, पण त्या अकरांपैकी चार जपून ठेवली. त्यांतील एकाला जी-कायनेझ म्हणतात. क्षयाच्या जंतूतील हेच कायनेझ भक्षक पेशीच्या पोटात दोन पिशव्यांची जोडणी होऊ देत नाही, असे २००४ साली दाखविण्यात आले. चोरानेही निरोपाची विद्या शिकून घेतली आहे, असे म्हणावे लागते.

त्याची दुसरी करामत अधिक दुःखदायक आहे. हा जंतू मज्जातंतूंत शिरतो. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९५० च्या सुमारास रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे सूक्ष्म निरीक्षण करून, जंतू मज्जातंतूंच्या वाटेने सरकतो याकडे लक्ष वेधले होते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते तसे मज्जातंतूवर एक आवरण असते, आणि ते सांभाळणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञाचे आहे, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. २००६ साली असे आढळले की, जंतू या पेशीच्या भिंतीवरील एका ग्राहक कायनेझला थेट चिकटतो आणि खोटा निरोप देतो. त्यासरशी आवरण गळू लागते. प्रयोगशाळेत त्या कायनेझला अडविणारे औषध दिले तेव्हा ही हानी कमी झाली. म्हणजे शरीराची फौज येण्याच्या आधीच, गाजावाजा न करता, मज्जातंतू बधिर होऊ लागतो. दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजते आणि कळत नाही, पायात काटा रुततो आणि कळत नाही. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हेत. न कळलेल्या जखमांनी ती जातात.

कोणी म्हणेल, मग निरोप जितका मोठा तितका बरा. तसेही नाही. थोरल्या भावाच्या शरीराने जंतू मारले, पण त्या धुमश्चक्रीत मज्जातंतूही जखमी झाला. अति तेथे माती ही म्हण पेशींनाही लागू आहे. कित्येकदा उपचार चालू असता चट्टे एकाएकी लाल होतात, मज्जातंतू सुजून दुखतात, हाताची पकड ढिली पडते. रोगी घाबरून म्हणतो, औषध बाधले. वस्तुतः निजलेले निरोप एकदम जागे झालेले असतात. अशा वेळी प्रेडनिसोलोनसारखे औषध या हुकमांचा जोर उतरविते आणि मज्जातंतू वाचविते. ते डॉक्टरांच्या देखरेखीनेच घ्यायचे आणि मूळ उपचार थांबवायचा नाही. चिठ्ठी लावणारा आणि चिठ्ठी काढणारा दोघेही शरीराला हवेत ते याचसाठी.

निजलेला प्रतिकार जागा करण्याचे प्रयत्नही आपल्याकडे झाले. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी १९५८ साली एका रोग्याच्या गाठीतून कुष्ठजंतूशी साम्य असलेला, पण काचेत वाढणारा जंतू मिळविला. पुढे मुंबईत डॉ. म. ग. देव यांच्या चमूने त्याच जंतूपासून लस केली. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी दुसऱ्या एका निरुपद्रवी जंतूपासून लस तयार केली. मित्सुदा चाचणीला उत्तर न देणाऱ्या रोग्यांपैकी काहींचे शरीर लसीनंतर उत्तर देऊ लागले.

परंतु रोग हटविण्याचे मोठे काम केले ते औषधांनी. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. देशात ज्या जिल्ह्यांत हा बहुविध औषधोपचार सर्वांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा जिल्हा होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. ही औषधे पेशीच्या निरोपाची वाट पाहत नाहीत, जंतूला सरळ मारतात. म्हणून थोरला आणि धाकटा दोघेही सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बरे होतात, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्यापासून इतरांना संसर्ग होत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले.

पण दहा हजारांत एक म्हणजे शून्य नव्हे. अलीकडच्या वर्षांतही भारतात दरसाल सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात, आणि जगातील निम्म्याहून अधिक नवे रोगी आपल्याच देशातले असतात. कायद्याने आपली चूक सुधारली आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ पासून हा रोग घटस्फोटाचे कारण राहिलेला नाही. मनातला कायदा मात्र अजून पुरता रद्द झालेला नाही. अजून चट्टा सदऱ्याच्या बाहीखाली झाकला जातो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, एवढे होऊन जाऊ दे, मग दाखवू, असे आम्ही अनेकदा ऐकले आहे.

या वाट पाहण्याचा हिशेब आता आपल्याला कळला आहे. औषध जंतूला मारते, पण मेलेला मज्जातंतू जिवंत करीत नाही. जंतू बारा दिवसांनी एकाचा दोन होतो, म्हणून रोग सावकाश चालतो. हा सावकाशपणा म्हणजे आपल्याला मिळालेली सवड आहे. ती झाकण्यात घालवायची की उपचारात, हे आपल्या हाती आहे. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. घरच्या निकटच्या माणसांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देऊन धोका कमी करता येतो, अशी शिफारसही २०१८ साली झाली आहे.

परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींजवळ यातले एकही औषध नव्हते, आणि पेशीतील चिठ्ठ्यांची वार्ताही जगाला नव्हती. तरी त्यांनी रोग्याला हात लावला. आज आपल्याजवळ औषध आहे आणि कारणही ठाऊक आहे. धाकट्या भावाने काही पाप केले नव्हते. त्याच्या भक्षक पेशींना एक निरोप वेळेवर पोचला नाही, इतकेच. आपला निरोप तरी त्याच्यापर्यंत वेळेवर पोचावा.